फोटो 'भारी' आहे हे कळतं, पण आत काही हलत नाही; मग लिहायचं काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फोटोग्राफीच्या वर्गात वीस गाजलेल्या कृष्णधवल फोटोंची यादी मिळाली. त्यातला एक निवडून 'वैयक्तिक प्रतिसाद' म्हणून पानभर लिहायचं होतं. तुम्ही लिहिलं आणि सरांनी "हे तर नेटवरचं झालं, यात तुम्ही कुठं आहात?" म्हणून पान परत दिलं. फोटोंचं मोठेपण तुम्हाला कळतं, पण बघताना काही होत नाही. शेवटी जरा चाचरतच तुम्ही विचारलंय, की यादी सोडून घरातला पणजीचा फोटो घेतला तर चालेल का.

मी नाशिकला रविवार कारंजाजवळच्या एका स्टुडिओत रिटचिंगच्या, म्हणजे फोटोतले डाग-व्रण घालवण्याच्या, टेबलावर कामाला लागलो. पुढं स्वतःचा स्टुडिओ आणि डार्करूम चालवली, ती बंद केल्यावर आता मुलांना शिकवतो. म्हणजे माझा डोळा समीक्षकाचा नाही, कारागिराचा आहे, हे धरून पुढचं वाचा.

काही वाटलं नाही, यात लाजण्यासारखं काही नाही. 'कालातीत', 'मन हेलावून टाकणारं', 'छायाप्रकाशाचा अद्भुत खेळ' हे शब्द काही न वाटता लिहिले, त्याची मात्र थोडी लाज वाटू द्या. माझ्याकडं येणाऱ्या मुलांना हे तीन शब्दप्रयोग मी पहिल्याच दिवशी बंद करतो. ते बंद झाले की बिचाऱ्यांना फोटोकडं बघावंच लागतं.

आता मला सांगा, ते वीस फोटो तुम्ही कशावर पाहिले? मोबाइलवरच ना? अंगठ्यानं वर सरकवत, एकेकाला चार सेकंद? मग नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापलेलं पोस्टाचं तिकीट बघावं तसे ते दिसले असणार. कोणता फोटो आहे एवढं ओळखू येतं, त्यापलीकडं काही नाही. एखाद्या वाचनालयात मोठ्या आकाराचं पुस्तक मिळालं तर उत्तम. नाहीतर निदान संगणकाच्या पडद्यावर पूर्ण आकारात उघडा, खालची ओळ कागदानं झाका, आणि पंधरा मिनिटं फक्त काय दिसतंय ते पेन्सिलीनं लिहा. काय वाटतंय ते लिहायचं नाही. पहिली पाच मिनिटं कंटाळा येतो. सातव्या-आठव्या मिनिटाला कोपरे दिसायला लागतात.

माझंच उदाहरण देतो. आंरी कार्तिए-ब्रेसाँचा १९३२ सालचा, पॅरिसच्या सेंट-लाझार स्टेशनमागचा फोटो तुमच्या यादीत असणारच. पाणी साचलेलं आहे, टोपीवाला माणूस उडी मारतोय, टाच पाण्याला टेकायला केसभर अंतर उरलंय आणि खाली त्याचं प्रतिबिंब. मागच्या भिंतीवर तशीच झेप घेतलेल्या नर्तकीचं पोस्टर. याला 'निर्णायक क्षण' म्हणतात, ते तुम्ही लिहिलंच असेल. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतून त्यानं तो टिपला. फट भिंगापेक्षा अरुंद होती, म्हणून डावी बाजू झाकली गेली आणि ती नंतर कापावी लागली. एरवी आपल्या फोटोला कात्री लावू न देणारा हा माणूस, आणि त्याचा सगळ्यात गाजलेला फोटो कापलेला! हे मला आवडतं.

पण ही सगळी माहिती झाली. माझा प्रतिसाद वेगळ्याच जागी आहे. लहानपणी गोदेला पूर आला की घरात एकच प्रश्न असायचा, "मारुतीच्या कुठपर्यंत आलं?" गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, की छातीला पाणी लागलं, त्यावरून गाव पुराचं मोजमाप करतं. पाणी ओसरलं की सराफ बाजारात चिखल आणि डबकी राहायची. लोक दुकानांपुढं फळ्या टाकायचे. वडील धोतर एका हातात आणि चपला दुसऱ्या हातात धरून फळीवरून चालत जायचे, फळी संपली की क्षणभर थांबायचे, आणि मग उडी. मी मागं उभा. आता ते पडणार, असं मला दर वेळी वाटायचं.

त्यामुळं त्या पॅरिसच्या फोटोत सगळे उडी बघतात, मी शिडी बघतो. पाण्यात एक शिडी आडवी पडलेली आहे, बघा. तिच्यावरून तो माणूस इथवर कोरडा आला. शिडी संपली, म्हणून त्याला उडी मारावी लागली. तिच्याभोवती पाण्याला उठलेल्या वर्तुळांवरून कळतं की पाय आत्ता सुटलाय. तो नाचत नाहीये. मागचं पोस्टर नाचतंय. हा माणूस फक्त बूट वाचवतोय, आणि ते वाचणार नाहीत.

इथं मी काय केलं ते नीट पाहा, कारण तुमचं पान इथंच अडलंय. वडिलांची आठवण आली, हा अजून प्रतिसाद झाला नाही. तेवढंच लिहिलं असतं तर तो वडिलांवरचा निबंध झाला असता, फोटो नुसता निमित्ताला. आठवण घेऊन मी परत फोटोत गेलो आणि तिच्यामुळं मला शिडी दिसली, पाण्यातली वर्तुळं दिसली. आठवणीनं फोटोत काही नवं दाखवलं तर ती ठेवायची. नाही दाखवलं तर कितीही गोड असली तरी खोडायची. बहुतेक मुलं आठवण आल्यावर तिथंच रमतात.

'काळ्या-पांढऱ्यात अशी काय जादू असते' हेही तुम्ही विचारलंय. फारशी नसते. या लोकांपैकी बहुतेकांनी रंग सोडून मुद्दाम काळं-पांढरं निवडलं नव्हतं. कोडाक्रोम १९३५ साली बाजारात आली, त्याआधी रोजच्या कामात रंगीत फिल्म वापरणं जवळपास शक्यच नव्हतं, आणि नंतरही वर्तमानपत्रं बराच काळ काळी-पांढरीच छापायची. आमच्याकडंही तेच. उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची 'इंदू' मिळायची, तीच वापरायची. फिल्म धुवायचं रसायन, डी-७६ डेव्हलपर, घरी कालवायचो. लिटरला मेटॉल दोन ग्रॅम, सोडियम सल्फाइट शंभर, हायड्रोक्विनोन पाच, बोरॅक्स दोन. मग चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा ट्रे, मग नळाखाली धुणं. बोटांना वास राहायचा, जेवताना आई ओरडायची. तेव्हा कुणाला हे 'क्लासिक' वाटत नव्हतं. म्हणून फोटो जुना आणि राखाडी आहे एवढ्यावरून हळवं व्हायचं नाही. रंग नसल्यानं डोळा आकार, कडा आणि कातडीचा पोत यांच्याकडं लवकर जातो, एवढं खरं.

आता ज्या फोटोनं मला सगळ्यात जास्त दमवलं त्याकडं येतो. डोरोथिया लँगची 'स्थलांतरित आई'. मार्च १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. मटार तोडायला आलेले मजूर गारठ्यानं पीक गेल्यामुळं तिथंच अडकलेले. सरकारी खात्यासाठी महिनाभर फिरून लँग घरी परतत होती. छावणीची पाटी पाहून ती पुढं निघून गेली, वीस मैल गेल्यावर गाडी वळवून परत आली आणि त्या बाईचे सहा-सात फोटो काढून दहा मिनिटांत निघाली. बत्तीस वर्षांची बाई, मांडीवर तान्हं, दोन मुलं तिच्या खांद्यांत तोंड खुपसून पाठमोरी, आणि तिचा हात गालापाशी.

लोकांना त्यात आई दिसते. मला पहिल्यांदा अंगठा दिसला.

खाली उजव्या कोपऱ्यात, तंबूच्या खांबाजवळ बघा. तिथं एक अंगठा होता, खांबाला धरलेला. १९३९च्या सुमारास लँगनं तो निगेटिव्हवरून काढून टाकायला लावला. पण नीट निघालेला नाही, पुसट भूत राहिलंय. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं हा फोटो मोठ्या आकारात फुकट ठेवलाय, उतरवून घ्या आणि तो कोपरा मोठा करा. माझी अर्धी नोकरी याच कामात गेली. निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल चालवली की प्रिंटमध्ये ती जागा उजळते, ब्लेडनं खरवडलं की काळी पडते. देवीचे व्रण, डोळ्यांखालची वर्तुळं, लग्नाच्या स्थळासाठी काढलेल्या फोटोतला मस, सगळं मी घालवलंय. त्यामुळं दुसऱ्या कारागिराचा हात मला लगेच कळतो. पहिला प्रतिसाद म्हणून मी एवढंच लिहिलं असतं: 'इथं कुणीतरी माझं काम केलंय, आणि ते जरा घाईत केलंय.' तुम्हाला हे क्षुल्लक वाटेल. मला तेव्हा तेवढंच खरं वाटलं होतं, आणि सुरुवात खऱ्यापासूनच करावी लागते.

पुढचं मला फार उशिरा कळलं, स्वतःची चूक करून झाल्यावर.

२०१४च्या मार्चमध्ये आपल्याकडं गारपीट झाली ते आठवत असेल. मी निफाडच्या बाजूला गेलो होतो. द्राक्षांच्या मांडवाखाली घडांचा खच, चालताना पायाखाली मणी फुटत होते, आणि दोन दिवसांत आंबलेला वास सुटलेला. तोडणीला पेठ-सुरगाण्याकडची माणसं येतात, ती बांधावर बसून होती. एक बाई उलट्या कॅरेटवर बसलेली, दोन मुलं जवळ. मार्च महिना, पडलेलं पीक, थांबलेली मजुरी. लँगचा फोटो मी डोक्यात घेऊनच गेलो होतो, समोर फक्त माणसं हवी होती. मोठ्या पोराला म्हणालो, "बाळा, जरा तिकडं तोंड कर." त्यानं केलं. बाई म्हणाली, "फोटो काढून काय होनार, दादा? आजचा रोज भेटंल का?" मी काहीतरी पुटपुटलो आणि पाचसहा फ्रेम घेतल्या.

घरी येऊन फाइल काळी-पांढरी केली, कडा गडद केल्या. प्रदर्शनात लावला. "अरे, थेट लँग!" असं दोघा-तिघांनी म्हटलं, आणि मी फुगलो.

त्यानंतर कधीतरी लँगच्या त्या बाईविषयी सविस्तर वाचनात आलं. लँगनं तिचं नाव विचारलं नव्हतं. ते जगाला कळलं १९७८ साली, फोटोनंतर बेचाळीस वर्षांनी: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती मूळची चेरोकी होती. फोटो छापून आल्यावर त्या छावणीत सरकारनं वीस हजार पौंड अन्न पाठवलं, तोवर ही पुढच्या गावी निघून गेली होती. फोटो सरकारी, म्हणजे कुणीही छापावा. तिला त्यातून छदाम मिळाला नाही, आणि हा फोटो काढलाच नसता तर बरं, असं तिनं नंतर बोलून दाखवलं. १९८३ साली ती आजारी पडली तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं. मग त्याच फोटोमुळं अनोळखी लोकांनी हजारो डॉलर पाठवले. त्याच वर्षी ती गेली.

हे वाचलं आणि मी माझी निफाडची मूळ फाइल उघडली, रंगीत. बाईच्या उजव्या हातात मोबाइल होता. साधा, बटणांचा, पाठीला रबर लावलेला. काळं-पांढरं करताना मी तो हात इतका गडद केला होता की प्रिंटमध्ये मोबाइल दिसतच नव्हता. आठवतंय मला, करताना काही वाटलं नव्हतं. फ्रेम 'बिघडत' होती, म्हणून दाबला. आणि मग तेही आठवलं, की मी तिथं होतो तेवढा वेळ ती सारखी कुणाकुणाला फोन लावत होती, "तुमच्याकडं तोड चालू हाये का?" म्हणून विचारत होती. म्हणजे ती हताश बसलेली नव्हती, काम शोधत होती. मी तिचं काम शोधणं पुसलं आणि हताशपणा ठेवला. नाव मीही विचारलं नव्हतं.

आता तो लँगचा फोटो समोर आला की मला आधी स्वतःचा राग येतो, मग थोडा लँगचा, आणि तरीही तो फोटो सोडवत नाही, कारण बाईच्या कपाळावरच्या आठ्या कुणी सांगून आलेल्या नाहीत. ही एकमेकांत न बसणारी तीन वाक्यं हाच माझा प्रतिसाद. तुमच्या पानात अशी न बसणारी वाक्यं असतील तर त्यांना जुळवायला जाऊ नका. सरांना तीच हवी असणार.

म्हणून क्रम असा ठेवा की माहिती नंतर वाचायची, पण वाचायचीच. आधी वाचली की डोळा तेच शोधत बसतो. आणि माहिती वाचल्यावर पहिलं पान फाडू नका. त्याच्याखाली दुसऱ्या शाईनं लिहा.

माहितीनं मत बदलतंच असंही नाही. युजीन स्मिथचा १९४६ चा फोटो, झाडांच्या अंधारातून उजेडाकडं चाललेली दोन पाठमोरी मुलं, मला कायम कॅलेंडरवरचा वाटायचा. मग कळलं की ती त्याचीच मुलं. दुसऱ्या महायुद्धात ओकिनावाला तोफगोळ्याच्या तुकड्यांनी हात आणि तोंड जखमी झाल्यावर दीर्घकाळ उपचार घेऊन त्यानं पुन्हा हातात कॅमेरा धरला, तेव्हाचा तो फोटो. आदर वाढला. आवड नाही वाढली, अजूनही गोडच वाटतो. तेही लिहायला हरकत नाही.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचा चंद्रोदय (१९४१, न्यू मेक्सिको) निवडणार असाल तर कोणती प्रिंट पाहिली ते आधी सांगा. निगेटिव्ह एकच, पण पुढच्या काही दशकांत तो त्यातलं आभाळ काळं-काळं करत गेला. सुरुवातीच्या प्रिंटांत वर ढग दिसतात, नंतरच्यांत नुसती रात्र. तो पियानो शिकलेला होता, निगेटिव्हला स्वरलिपी आणि प्रिंटला सादरीकरण म्हणायचा. आपण बंदिश आणि गायकी म्हणू. आणि यादीत सगळे परदेशीच असतील, आपल्याकडच्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला नसतील, तर सरांना का ते नम्रपणे विचारा. (कुठंतरी 'डालडा १३' या नावाखाली फोटो दिसले तर ते त्यांचेच. गाडीचा नंबर डीएलडी १३ होता.)

फोटोला फोटोनं उत्तर द्यायचं असेल तर द्या, पण माझ्यासारखं नको. घाटावर जाऊन उडी मारणारा माणूस शोधत बसाल तर कार्तिए-ब्रेसाँची नक्कल घेऊन याल. त्याच्या फोटोनं तुम्हाला ज्याकडं बघायला लावलं ते शोधा. मला शिडीनं बघायला लावलं, तर मी रामकुंडापाशी पाण्यात ठेवलेल्या विटा, फळ्या, उलट्या बादल्या टिपत हिंडलो असतो.

राहिला पणजीचा फोटो. सरांनी परवानगी दिली तर बेलाशक घ्या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाच्या आधी फोटोचाच धंदा करत होते, आणि कॅमेरा माणसाचं बळ शोषतो या समजुतीमुळं गिऱ्हाईक बिचकायचं. त्या धाकाची सावली जुन्या स्टुडिओफोटोंतल्या ताठ मानांत मला अजून दिसते. पण या फोटोला जास्त कडक राहा, कारण इथं माया आधीच तयार असते. पणजीच्या मनगटावर घड्याळ असेल तर ते तिचंच होतं का, हे घरात विचारा. आमच्या स्टुडिओत घड्याळ, कोट आणि प्लॅस्टिकची फुलं भाड्याशिवाय मिळायची. चेहरा अंड्यासारखा गुळगुळीत असेल तर माझ्यासारख्या कुणाची तरी पेन्सिल चाललेली आहे, सुरकुत्या शोधायच्या तर हातांवर शोधा. हात आम्ही सहसा सोडून द्यायचो. कडेला कुणाचा खांदा किंवा पदर अर्धा कापलेला दिसला तर मोठ्या मावशीला विचारा, तिला माहीत असतं.

मागं पुठ्ठ्यावर स्टुडिओचा शिक्का असेल म्हणून फ्रेम उघडायचा मोह होईल. उघडा, पण बारीक खिळे पक्कडीनं सरळ वर ओढून काढा, पुठ्ठा पिळू नका. आणि फोटो काचेला चिकटला असेल तर तिथंच थांबा. गोदाकाठच्या जुन्या घरांत ओलीनं तसं हमखास होतं. ओढलात तर चेहरा काचेवर राहील. काचेसकटच स्कॅन करून घ्या.